मुदतवाढ मागावी, कीं मुदत उलटून राहावें ?

(विलायतेंतील विद्यार्थ्यांच्या परवान्याविषयीं नभोवाणीवर दिलेलें भाषण)



विलायतेंत शिकावयास गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या राहण्याच्या परवान्याची, म्हणजे व्हिसाची, मुदत संपत आली आहे आणि शिक्षण मात्र पुरें झालेलें नाहीं. अशा वेळीं त्यानें काय करावें? मुदत वाढवून मिळण्याचा अर्ज करावा, कीं ‘तूर्त तसेंच राहूं, पुढचें पुढें पाहूं’ असें म्हणून स्वस्थ बसावें ? उत्तर इतकें उघड आहे कीं त्यावर भाषण कशाला, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. परंतु ज्यानें जन्मभर मास्तरकी केली आहे त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या प्रश्नाचें उत्तर उघड असतें त्याच प्रश्नांत मुलें अधिक चुकतात; कारण तेथें तीं विचार करीत नाहींत. आज महाराष्ट्रांतील शहरांतूनच नव्हे, तर तालुक्याच्या गांवांतूनहि मुलें-मुली इंग्लंड-स्कॉटलंडांत शिकावयास जात आहेत. कित्येकांच्या मागें घरावर अथवा शेतावर काढलेलें कर्ज असतें. त्या साऱ्या खटाटोपाचें फळ कधीं कधीं एका तारखेवर अवलंबून असतें. म्हणून त्या तारखेचा विचार आज थोडा विस्तारानें करूं.

एके काळीं हा प्रश्न नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ सालीं लंडनास अभ्यासाकरितां गेले, तेव्हां हिंदी मनुष्य ब्रिटिश प्रजाजन गणला जाई आणि त्या देशांत किती दिवस राहावें याचा परवाना त्यास काढावा लागत नसे. त्यांना मुदत होती ती बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीची. ती १९१७ सालीं संपली व अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावें लागलें. पण परततांना त्यांनीं एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आंत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून आधींच मिळवून ठेविली. १९२० सालीं ते पुन्हा लंडनास गेले आणि १९२३ सालीं त्यांनीं डी. एस्‌सी. ही पदवी संपादन केली. हा दाखला श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. परत येणें म्हणजे हरणें नव्हे; दार उघडें ठेवून परत आलें कीं पुन्हा जातां येतें.

पुढें काळ बदलला. १९६२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें राष्ट्रकुलांतील लोकांच्या प्रवेशावर प्रथम निर्बंध घातले. मग १९७१ चा इमिग्रेशन ॲक्ट झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून तो अमलांत आला. आजच्या नियमांची सारी इमारत याच कायद्याच्या पायावर उभी आहे. विद्यार्थ्यांकरितां सध्यां जी व्यवस्था चालू आहे ती ५ ऑक्टोबर २०२० पासूनची असून तिला तिकडे ‘स्टुडंट रूट’ असें नांव आहे. हा सर्व कारभार तेथील गृहखातें, म्हणजे होम ऑफिस, पाहतें.

आतां पहिला प्रश्न हा कीं, पाहावयाची ती तारीख कोणती ? पुष्कळ विद्यार्थी अभ्यासक्रम संपण्याची तारीख आणि परवाना संपण्याची तारीख यांत घोटाळा करितात. वास्तविक ह्या दोन तारखा वेगळ्या आहेत. अभ्यासक्रम बारा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असला तर तो संपल्यावर आणखी चार महिने राहण्याची मुभा परवान्यांतच दिलेली असते. सहा महिन्यांहून अधिक पण बारांहून कमी असा अभ्यासक्रम असेल तर ही मुभा दोन महिन्यांची असते, आणि सहा महिन्यांहून लहान असेल तर अवघी सात दिवसांची. समजा, एका विद्यार्थ्याचा एम्. एस्‌सी. चा अभ्यासक्रम १५ सप्टेंबर २०२५ ला सुरू होऊन ३० सप्टेंबर २०२६ ला संपावयाचा आहे. त्याचा परवाना सामान्यतः जानेवारी २०२७ च्या अखेरीस संपेल. हे मधले चार महिने आळसाकरितां नव्हेत. निकाल हातीं घेणें, सामानाची आवराआवर करणें, किंवा पुढील अर्ज करणें, यांकरितां ते दिलेले आहेत.

पूर्वीं परवान्याचें एक कार्ड मिळत असे व त्यावर तारीख छापलेली असे. खिशांतील पाकिटांत तें कार्ड दिसलें कीं तारखेची आठवण होई. आतां हीं कार्डें गेलीं. त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ लाच संपविण्यांत आली आणि परवाना संगणकांतील नोंदीच्या रूपानें राहिला; त्यास ‘ई-व्हिसा’ म्हणतात. म्हणजे तारीख आपण होऊन डोळ्यांपुढें येत नाहीं. ती मुद्दाम उघडून पाहावी लागते. माझी पालकांस अशी सूचना आहे कीं, मुलानें ही तारीख पाहून घरीं कळवावी आणि घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत ती तांबड्या शाईनें लिहून ठेवावी.

शिवाय ही तारीख अलीकडेहि येऊं शकते, हें फार थोड्यांना माहीत असतें. विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या आधारावर त्या देशांत राहतो त्या विद्यापीठावर कांहीं कर्तव्यें लादलेलीं आहेत. विद्यार्थी हजर राहीनासा झाला, त्यानें नांव काढून घेतलें, अथवा फी न भरल्यामुळें त्याचें नांव कमी झालें, तर तसें होम ऑफिसला कळविणें विद्यापीठास भाग असतें. मग होम ऑफिस त्याची उरलेली मुदत तोडून ती बहुधा साठ दिवसांवर आणतें. ही नोटीस सामान्यतः ई-मेलनें येते. ‘माझा परवाना अजून आठ महिने आहे’ अशा भरंवशावर जो ई-मेल उघडीत नाहीं, त्याचा परवाना त्याला नकळत संपून जातो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. मुदत संपण्यापूर्वीं केलेला अर्ज आणि मुदत संपल्यावर केलेला अर्ज यांत दिसावयास एका दिवसाचाच फरक असेल. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तो फरक जमीन-अस्मानाचा आहे. १९७१ च्या कायद्यांत ‘तीन-सी’ या क्रमांकाचें एक कलम आहे. त्याचा भावार्थ असा : ज्यानें आपली मुदत शिल्लक असतां रीतसर अर्ज केला, त्याची मुदत निकाल लागेपर्यंत आपोआप पुढें चालू राहते. होम ऑफिसनें निकालास विलंब लावला तरी त्याचा दंड अर्जदारास होत नाहीं. जुन्या परवान्यानें त्याला जे हक्क होते ते तसेच राहतात आणि ज्या अटी होत्या त्याहि तशाच राहतात. पदवीच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्यास वीस तास काम करण्याची मर्यादा असेल, तर ती वीसच राहते.

शाळेंतील उदाहरण घ्यावयाचें तर, एका मुलानें रजेचा अर्ज आधीं पाठविला आणि दुसरा न सांगतां घरीं राहून चौथ्या दिवशीं चिठी घेऊन आला. दोघांचीं कारणें एकच असतील, कदाचित् दुसऱ्याचें कारण अधिक खरेंहि असेल. पण हजेरीपत्रकांत पहिल्याच्या नांवापुढें रजा लागते आणि दुसऱ्याच्या नांवापुढें गैरहजेरी. कायद्याचें हजेरीपत्रक असेंच असतें. मात्र शाळेंत मास्तर एकवेळ शाई खोडतील. येथें तें होत नाहीं.

या संरक्षणास दोन पथ्यें आहेत. एक, अर्ज वैध पाहिजे. फी भरली नाहीं, ओळख पटवून दिली नाहीं, म्हणून अर्ज अवैध ठरून परत आला तर त्याच्या आधारानें मुदत वाढत नाहीं. म्हणून शेवटच्या रात्रीं अर्ज करणें हें कायद्यानें चालत असलें तरी शहाणपणाचें नव्हे. चुकी दुरुस्त करण्यास वेळ हातीं राहिला पाहिजे. दुसरें, निकाल लागेपर्यंत देश सोडूं नये. अर्ज विचाराधीन असतां विद्यार्थी सणाला किंवा घरच्या लग्नाला म्हणून स्वदेशीं आला, तर तो अर्ज मागें घेतला असें समजलें जातें व मुदतवाढीचें संरक्षणहि तेथेंच संपतें. बहिणीच्या लग्नाची तारीख आणि अर्जाची तारीख या दोहोंचा मेळ आधींच बसविला पाहिजे, तो यासाठींच.

मुदतवाढीला लागतें तरी काय ? पहिली गोष्ट विद्यापीठाचें प्रवेश-प्रमाणपत्र; यास तिकडे ‘कॅस’ म्हणतात. तें विद्यापीठ देतें, आणि तें मिळाल्याखेरीज अर्जाचें पाऊल पुढें पडत नाहीं. तें मिळण्यास दिवस लागतात. म्हणून अभ्यास लांबणार अशी शंका येतांच, मुदतीच्या दोन-तीन महिने आधीं, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरींत जाऊन उभें राहावें. दुसरी गोष्ट अभ्यासांतील प्रगति. नव्या अभ्यासक्रमासाठीं मुदत मागणाऱ्यास सामान्यतः तो आधीच्याहून वरच्या पायरीचा आहे असें दाखवावें लागतें. परंतु नापास झालेला विषय पुन्हा देणें किंवा अभ्यासाचा एखादा भाग पुन्हा करणें, यासाठीं ही अट लागू नाहीं. नापास झालों म्हणजे आतां अर्जच करतां येत नाहीं, ही समजूत निराधार आहे. मात्र वर्गांत बसावयाचें नसून केवळ परीक्षेपुरतेंच जावयाचें असेल, तर विद्यापीठ पुष्कळदा ‘घरीं जा आणि परीक्षेस पुन्हा या’ असें सांगतें, तेंहि ऐकावें. तिसरी गोष्ट तारखांचा मेळ. नवा अभ्यासक्रम धरावयाचा असल्यास जुनी मुदत संपल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंत तो सुरू झाला पाहिजे.

चौथी गोष्ट पैसा. एप्रिल २०२५ मध्यें या अर्जाची फी ५२४ पौंड झाली. तिच्यावर आरोग्याचा अधिभार निराळा, तो फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांस वर्षाला ७७६ पौंड ठरविण्यांत आला. दोन्ही मिळून लाख-दीड लाख रुपयांच्या घरांतील ही रक्कम होते. ती लहान नाहीं, हें मी जाणतों. पण जो विद्यार्थी वैध परवान्यानें त्या देशांत बारा महिने राहिला आहे, त्यास बँकेंत निर्वाहाची शिल्लक असल्याचा पुरावा पुन्हा द्यावा लागत नाहीं, एवढी सवलत आहे. आंतून केलेल्या अर्जाचा निकाल सामान्यतः आठ आठवड्यांत लागतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. मुदत संपली हें ठाऊक असून राहणें हा त्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. व्यवहारांत बहुधा खटला भरण्याऐवजीं देशाबाहेर घालविण्याचाच मार्ग पत्करला जातो, हें खरें. परंतु त्यामुळें दिवस सुखाचे जातात असें मात्र नाहीं. मुदत संपली त्या क्षणापासून काम करण्याचा हक्क संपतो. तरीहि काम केलें तर २०१६ च्या कायद्यानें तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि मिळालेली मजुरीहि जप्त होऊं शकते. अशा मनुष्यास कामावर ठेवणाऱ्या धन्यास फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या खेपेस माणशीं ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. मग असा माणूस कोण ठेवणार ? जो अर्ध्या मजुरींत राबवून घेतो व तक्रार केल्यास पोलिसांचें नांव काढतो, तोच. इंग्लंडांत घर भाड्यानें देतांना मालकाला भाडेकरूचा परवाना तपासावा लागतो. तेव्हां घरहि मिळत नाहीं. नवें बँकेचें खातें उघडत नाहीं. मोटार हांकण्याचा परवाना रद्द होऊं शकतो. दुखणें आलें तर अपघात-विभागांतील तांतडीची मदत मिळते. परंतु इस्पितळांत ठेवून केलेल्या उपचाराचें बिल खर्चाच्या दीडपट आकारलें जातें. म्हणजे अर्जाची फी वांचविली, आणि माणूस सर्व बाजूंनीं उघडा पडला.

याहून दूरचा परिणाम पुन्हा प्रवेशावर होतो. त्याची एक शिडीच नियमांत घालून दिली आहे. मुदत उलटून तीस दिवसांच्या आंत जो स्वखुशीनें व स्वखर्चानें निघून गेला, त्याच्या पुढील प्रवेशास या एका कारणानें बंदी होत नाहीं. तीस दिवसांहून अधिक राहून जो स्वखर्चानें गेला त्याला बारा महिने प्रवेश बंद. सरकारी खर्चानें स्वखुशीनें गेलेल्यास, देश सोडण्याची सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत गेला असल्यास दोन वर्षें, त्याहून उशिरां गेला असल्यास पांच वर्षें. आणि ज्याला धरून घालवून दिलें, किंवा ज्यानें अर्जांत फसवणूक केली, त्याला दहा वर्षें. विशेष हें कीं, उशीर झाल्याची शिक्षा बहुधा वर्षाची असते, पण तो उशीर लपविण्याकरितां पुढील अर्जांत खोटें लिहिल्याची शिक्षा दहा वर्षांची असते. शिवाय प्रश्न केवळ एका देशाचा नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या अर्जांतहि, अन्य कोणत्या देशांत मुदतीबाहेर राहिलां होतां काय, असें विचारतात. एकदां पडलेला डाग साऱ्या दारांवरील पहारेकऱ्यांस दिसतो.

येथें दोन आंकड्यांविषयींची एक फार पसरलेली गैरसमजूत दूर केली पाहिजे. एक आंकडा तीस दिवसांचा, दुसरा चौदा दिवसांचा. तीस दिवसांचा आंकडा आपण नुकताच पाहिला. विद्यार्थी-मंडळींत त्याचा अर्थ ‘महिनाभर सूट आहे’ असा सांगितला जातो. तो साफ चुकीचा आहे. ते तीस दिवस राहण्याचे नव्हेत. त्या दिवसांत काम नाहीं, संरक्षण नाहीं, आणि पहिल्या दिवसापासून वास्तव्य बेकायदेशीरच आहे. २०१७ च्या एप्रिलापूर्वीं हा आंकडा नव्वद दिवसांचा होता; तेव्हांच्या गोष्टी ऐकून आजहि कोणी ‘तीन महिने कांहीं होत नाहीं’ असें सांगतो, त्यावर तर मुळींच विसंबूं नये. चौदा दिवसांचा आंकडा असा : मुदत संपल्यावर चौदा दिवसांच्या आंत अर्ज आला, आणि आपल्या हातांत नसलेल्या सबळ कारणामुळें उशीर झाला असें पुराव्यानिशीं दाखविलें, तर तो उशीर अर्जाच्या आड येऊं देत नाहींत. इस्पितळांत पडून राहणें हें असें कारण होईल. विसरलों, पैसे नव्हते, सोबती म्हणाला, हीं कारणें होत नाहींत. आणि असा अर्ज केला तरी ‘तीन-सी’ कलमाचें छत्र कांहीं डोक्यावर येत नाहीं. ही पडणाऱ्याला दिलेली काठी आहे; चालण्याचा रस्ता नव्हे.

आतां हें सर्व एका उदाहरणांत घालून पाहूं. समजा, दोन स्नेही एकाच विद्यापीठांत आहेत. दोघांचाहि परवाना ३० जानेवारीला संपतो व दोघांचाहि प्रबंध अपुरा आहे. पहिला नोव्हेंबरांत कचेरींत जातो, डिसेंबरांत प्रमाणपत्र मिळवितो आणि १० जानेवारीला अर्ज करितो. निकाल मार्चांत लागतो. मधले सर्व दिवस तो वर्गांत, ग्रंथालयांत, आपल्या खोलींत उजळ माथ्यानें वावरतो. दुसरा म्हणतो, ‘प्रबंध हातावेगळा झाला कीं एकदमच पाहीन.’ प्रबंध लिहून तो १० मार्चला अर्ज करितो. हिशेब करा : तोपर्यंत ३९ दिवस उलटले आहेत. चौदा दिवसांची काठी केव्हांच हातांतून गेली आहे. अर्ज नाकारला जातो. तो स्वखर्चानें लगोलग निघाला तरी तीसाचा आंकडा ओलांडलेला असल्यामुळें बारा महिने दार बंद. प्रबंध दोघांचाहि सारखाच चांगला असेल. बुद्धि, कष्ट, कर्ज हींहि सारखींच असतील. फरक पडला तो दोन महिने आधीं विचारण्याच्या एका फेरीचा.

मग हुशार मुलें असें कां करितात ? माझ्या मतें याचें मूळ अज्ञानांत थोडें आणि लाजेंत अधिक आहे. एका विषयांत नापास झालों हें घरीं कसें सांगावें ? बापानें जमीन गहाण टाकली आहे, आईनें शेजारीपाजारीं पेढे वाटले आहेत. आणखी लाखभर रुपये पाठवा असें कोणत्या तोंडानें म्हणावें? म्हणून मुलगा गप्प राहतो. दूरध्वनीवर ‘सर्व ठीक आहे’ म्हणतो. विद्यापीठाच्या कचेरींत जाण्याचीहि त्यास लाज वाटते. आणि त्याच वेळीं एखादा परिचित त्याच्या कानांत सांगतो कीं, येथें शेंकडो लोक असेच राहतात, कोण विचारतो? दिवस जातात, आणि प्रत्येक दिवसागणिक परत फिरण्याची वाट अधिक अवघड होते.

म्हणून पालकांस माझें कळकळीचें सांगणें आहे. मुलाला निरोप देतांना ‘पदवी घेऊनच परत ये, नाहींतर तोंड दाखवूं नको’ असें चेष्टेंतहि म्हणूं नये. उलट त्यास सांगावें कीं, बाबा रे, नापास झालास तर चालेल, पण आम्हांला तारीख चुकवूं नकोस. नापास झालेला विषय पुन्हा देतां येतो. उलटलेली मुदत मागें आणतां येत नाहीं. कर्जाच्या हिशेबांत मुदतवाढीकरितां म्हणून आरंभींच थोडी रक्कम बाजूला ठेवावी. ती लागली नाहीं तर आनंदच आहे.

अभ्यास वेळेवर पुरा झाला असून अनुभवासाठीं तेथें काम करावयाचें असेल, तर त्यास निराळी वाट आहे. तिला ‘ग्रॅज्युएट रूट’ म्हणतात. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणाऱ्या पदवीधरास या वाटेनें दोन वर्षें मिळावीं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यास अठरा महिने, आणि डॉक्टरेट संपादन केलेल्यास तीन वर्षें, असा नियम ठरविण्यांत आला. पण अट तीच : अर्ज विद्यार्थी-परवान्याची मुदत शिल्लक असतां, तेथें राहूनच, आणि विद्यापीठानें अभ्यास पुरा झाल्याचें होम ऑफिसला कळविल्यावर करावयाचा. म्हणजे जो मुदत उलटवितो तो केवळ शिक्षणच नव्हे, तर त्यापुढील ही संधीहि गमावून बसतो.

अर्ज वेळेवर करूनहि नाकारला गेला तर ? तर घाबरून लपून बसूं नये. नकाराच्या पत्रांतच पुढील उपाय लिहिलेला असतो. अशा निर्णयाची चूक दाखवून फेरतपासणी मागण्यास देशांत असलेल्या अर्जदारास चौदा दिवस मिळतात, आणि त्या अवधींत व वेळेवर मागितलेल्या फेरतपासणीचा निकाल लागेपर्यंत ‘तीन-सी’ कलमाचें संरक्षण टिकतें. पत्र हातीं पडतांच त्यावरील तारीख पाहावी आणि दिवस मोजूं लागावें.

आणि ज्याची मुदत आधींच उलटून गेली आहे, असा कोणी हें भाषण ऐकत असेल तर ? त्यासहि वाट आहे. प्रथम किती दिवस झाले तें प्रामाणिकपणें मोजावें. चौदांच्या आंत असून सबळ कारण असेल तर पुराव्यासह लागलाच अर्ज करावा. तीसांच्या आंत असतील तर विमानाचें तिकीट काढून स्वखर्चानें निघावें. तें तिकीट म्हणजे पुढील वर्षाची किंमत आहे. तीसांहून अधिक झाले असले तरीहि स्वखर्चानें निघणारा आणि पकडला जाणारा यांत नऊ वर्षांचें अंतर आहे. ज्याच्यापाशीं तिकिटालाहि पैसे नाहींत, त्यास होम ऑफिसचीच स्वेच्छेनें परतणाऱ्यांस साहाय्य करणारी व्यवस्था आहे. निघाल्याची पावती, तिकीट, प्रवासाचे कागद हे सर्व जपून ठेवावे; पुढें कधीं अर्ज करितांना तेच साक्षीदार होतात. आणि त्या अर्जांत झालेला उशीर स्वच्छ लिहावा.

सल्ला कोणाचा घ्यावा, हेंहि सांगतों. विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांचा सल्लागार फी घेत नाहीं आणि त्याचें त्यांत हित नसतें. बाहेरचा सल्ला घ्यावयाचा तर तो वकिलाचा, किंवा सरकारी नोंद असलेल्या सल्लागाराचा. १९९९ च्या कायद्याप्रमाणें अशी नोंद नसतां या विषयावर धंदा म्हणून सल्ला देणें हा त्या देशांत गुन्हा आहे. ही नोंद ठेवणाऱ्या संस्थेचें नांव जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी’ असें झालें आहे, आणि तिच्या यादींत नांव आहे कीं नाहीं हें कोणासहि पाहतां येतें. येथून प्रवेश मिळवून देणारे दलाल मुलगा विमानांत बसेपर्यंतच आपले असतात. मुदत संपतांना त्यांचा दूरध्वनी बहुधा लागत नाहीं.

अशा नियमांत आंकडे वरचेवर बदलतात. म्हणून फी, दिवस, महिने यांची खात्री अर्ज करितेवेळीं ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करून घ्यावी. परंतु आंकडे बदलले तरी तत्त्व बदलत नाहीं, आणि तें एका वाक्यांत सांगतां येतें : मुदत शिल्लक असतां मागणारा अर्जदार असतो, आणि मुदत संपल्यावर मागणारा अपराधी. पहिल्याचें म्हणणें कायदा बसवून ऐकतो. दुसऱ्याला त्याच्या खरेपणाचा पुरावा दारांत उभें राहून द्यावा लागतो. आपल्या मुलांवर ही दुसरी पाळी येऊं नये, यासाठीं आज रात्रींच त्यांस विचारावें : ‘बाळ, तुझी तारीख कोणती ?’